वस्तीनिहाय आजारांचा नकाशा : मोजणी किती, अंदाज किती?

प्रश्न : माझी मुलगी शिकागोला असते. तेथील प्रत्येक वस्तीत किती टक्के प्रौढांना मधुमेह आहे, हे रंगांनी दाखवणारा नकाशा तिने मला दाखवला. घरोघरी रक्त न तपासता हे कसे कळते? मुंबईचा असा नकाशा का नाही? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : हा नकाशा बहुधा अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या सरकारी आरोग्यसंस्थेच्या आकडेवारीवरून काढलेला असावा. या संस्थेने २०१६ मध्ये ५०० शहरांसाठी अशी आकडेवारी प्रसिद्ध केली आणि २०२० पासून ती ‘प्लेसेस’ या नावाने देशभरासाठी उपलब्ध आहे. त्यातील एकेक तुकडा जनगणनेसाठी आखलेला, साधारण ४,००० लोकवस्तीचा असतो.

मात्र हे आकडे मोजलेले नसतात. देशभरातील चार लाखांच्या आसपास प्रौढांना दरवर्षी दूरध्वनीवरून प्रश्न विचारले जातात. त्यांत ‘तुम्हाला मधुमेह असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ हाही एक असतो. वय, लिंग, वंश, शिक्षण आणि परिसरातील गरिबी यांच्याशी या उत्तरांचा संबंध कसा आहे, हे गणिताने ठरवून तो प्रत्येक तुकड्यातील लोकसंख्येला लावला जातो. म्हणजे नकाशावरचा आकडा सांगतो ते एवढेच, की अशा प्रकारचे लोक जेथे राहतात तेथे मधुमेह किती असावा. एखाद्या वस्तीने चांगला उपक्रम राबवून आजार खरोखर कमी केला, तरी तो बदल येथे उमटेलच असे नाही. म्हणून स्थानिक उपक्रमाचे यश मोजायला हे आकडे वापरू नयेत, असे सीडीसीच सांगते. शिवाय ज्यांचे निदानच झालेले नाही, ते या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतात.

तरीही लक्ष कोठे द्यायचे हे ठरवायला असे नकाशे मोलाचे आहेत, कारण शहराची सरासरी फार काही झाकते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की शिकागोतच स्ट्रीटरव्हिलचे सरासरी आयुर्मान सुमारे ९० वर्षे, तर एंगलवूडचे सुमारे ६० वर्षे आहे.

आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर प्रत्यक्ष तपासली गेली, आणि त्या बाबतीत ती अमेरिकेतील दूरध्वनी-पाहणीपेक्षा सरस आहे. पण तिचे निष्कर्ष जिल्हानिहाय असतात, आणि अख्खी मुंबई दोनच जिल्ह्यांत बसते. पालिकेच्या विभागापर्यंत खाली आलो तरी अडचण संपत नाही. आपल्या शेजारच्याच एम-पूर्व विभागात झाडीने वेढलेले अणुशक्तीनगर आहे आणि देवनारच्या कचराभूमीला खेटून असलेले शिवाजीनगरही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे आठ लाख वस्तीच्या या विभागाची एकच टक्केवारी काढली, तर ती या दोहोंपैकी कोणाचीच नसेल.

माझ्या मते मुंबईने सुरुवात पालिका दवाखान्यांच्या नोंदींपासून करावी : रुग्णाच्या नावाऐवजी केवळ त्याची वस्ती नोंदवावी, आणि किती रुग्ण सापडले याच्या शेजारी त्या वस्तीतील किती जणांना तपासले हेही न चुकता लिहावे. ही दुसरी संख्या नसेल, तर जेथे तपासणीच होत नाही ती वस्ती नकाशावर सर्वांत निरोगी दिसेल.