नेसमुक सुरीची मुळाबरहुकूम प्रतिकृती बाळगण्यात एवढे काय आकर्षण आहे?

मुरलेल्या रानभटक्याने कोणते काम कोणत्या हत्याराकडे सोपवले होते, हे अशी सुरी वापरताना हातालाच उमगते, आणि माझ्या मते हेच तिचे खरे आकर्षण आहे. ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकी लेखक जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांनी १८८४ सालच्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात दोन्ही बाजूंनी धार असलेली छोटी कुऱ्हाड, घडीचा चाकू आणि ही सुरी असे त्रिकूट चित्रासह दिले आहे. लाकडासाठी कुऱ्हाड जवळ असल्यामुळे शिकार सोलण्यासाठी, मांस कापण्यासाठी आणि जेवतानाही उपयोगी पडेल असे पातळ पाते त्यांनी पसंत केले. मात्र याच नावाने आज विकल्या जाणाऱ्या अनेक सुऱ्या जाड पात्याच्या असतात, म्हणून अस्सलपणा हवा असल्यास पात्याच्या बाकापेक्षा त्याची जाडी आधी पाहावी.