‘झालं’ म्हणू नकोस, ‘मी केलं’ म्हण

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासनेनंतर आपण शरणपूर रोडने सीबीएस बसस्थानकापर्यंत चालत आलो. त्या अर्ध्या तासात तू एकदाही ‘मी’ म्हणाला नाहीस. ‘पैसे वापरले गेले.’ ‘माझ्याकडून चूक झाली.’ ‘परिस्थितीच तशी आली.’ घरी आलो, जेवलो, आडवा झालो, पण डोळा लागेना. तुझ्या पापामुळे नाही, तुझ्या या व्याकरणामुळे.

आपल्या चर्चच्या शिबिराचे आठ हजार चारशे रुपये तू उचललेस, फोनच्या हप्त्यात घातलेस आणि दोन महिन्यांनी गुपचूप परत ठेवलेस. पण मधल्या काळात हिशोब जुळेना, तेव्हा संशय गेला तो तुझ्याआधी पेटी सांभाळणाऱ्या मुलावर. तो आता उपासनेला येत नाही. आणि तू मला विचारतोस, ‘काका, देवाला सांगितलंय, आता आणखी कोणाला सांगायलाच हवं का?’

हवं.

बायबलातल्या निर्गमाचा बत्तिसावा अध्याय काढ. मोशेचा भाऊ अहरोन, त्याने लोकांकडून सोनं मागून घेतलं, कोरणीने पूजेसाठी वासरू घडवलं. मोशेने जाब विचारला तेव्हा म्हणतो काय, की सोनं मी अग्नीत टाकलं आणि त्यातून हे वासरू निघालं! वासरू आपोआप निघालं, तुझे आठ हजार चारशे आपोआप वापरले गेले. शौल राजा तर ‘मी पाप केलं आहे’ असं म्हणाला, आणि त्याच दमात शमुवेल संदेष्ट्याला विनवू लागला की वडीलजनांसमोर माझा मान राख. तुलाही क्षमा हवी आहे आणि कमिटीसमोर मानही हवा आहे. दोन्ही एकदम मिळत नाही रे.

योहानाच्या पहिल्या पत्रात आपल्या मराठी शास्त्राने काय शब्द घातलाय बघ: आपण आपली पापे ‘पदरी घेतली’ तर. माझी आई शेतातून येताना भुईमुगाच्या शेंगा पदरात घेऊन यायची. एका हाताने पदर गच्च धरलेला, ओझ्याने खांदा एका बाजूला कललेला. पदरी घेणं म्हणजे ते. ते ओझं वाटेत कुणाच्या अंगावर टाकता येत नाही.

आता माझं ऐक. हे तुला अर्धवट ठाऊक असेल, लोक बोलतात.

सत्तावीस वर्षांचा होतो, एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कारकून. लिलाव झाला की ट्रॅक्टर खळ्यावर यायचे, वजन व्हायचं आणि वजनाची-पैशांची पट्टी मी लिहायचो. अठ्ठावीस क्विंटल भरलं तर सत्तावीस साठ लिहायचं. चाळीस किलोंचे पैसे आम्ही दोघं-तिघं वाटून घ्यायचो. मालकालाही पत्ता नव्हता. चांदवडकडचा एक शेतकरी होता, अक्षरओळख नसलेला. मी दिलेली पट्टी त्याने चार घड्या करून टोपीत ठेवली आणि म्हणाला, ‘देवमाणूस आहात दादा, उन्हात तिष्ठत ठेवलं नाही.’ ती टोपी मला अजून दिसते, कडेला घामाची पिवळी रेघ असलेली.

त्यानंतर बारा वर्षं मी दर प्रभुभोजनाआधी गुडघे टेकून सगळ्यांबरोबर म्हणत राहिलो, विचाराने, शब्दाने, कृतीने आम्ही पाप केले. आम्ही! त्या ‘आम्ही’त मी आरामात लपलो. रडायचोसुद्धा. पश्चात्तापात ताप आहे, आणि ताप उतरतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोया’, मन पालटणं. माझं मन पालटलं नव्हतं, नुसतं तापायचं आणि उतरायचं.

नाशिकरोडला माझा एक कॅथलिक मित्र आहे. त्यांच्यात वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावंच लागतं, 1215 च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेपासूनचा नियम, आणि ऐकलेलं धर्मगुरूने कुठेही बोलायचं नाही. मी त्याच्याशी वाद घालायचो, देवाच्या आणि माझ्या मध्ये तिसरा कशाला? तो म्हणायचा, ‘मोठ्याने बोललं की आपल्याच कानाला ऐकू येतं.’ मी तिसऱ्याला सांगणार नाही म्हणता म्हणता ज्याला लुबाडलं त्या दुसऱ्यालाही सांगितलं नाही. याकोब लिहितो, आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा. हे आपल्याही शास्त्रात आहे, फक्त आपण तिथून पान उलटतो.

एका डिसेंबरात पहाटे पुलावरून जाताना गोदावरीच्या रामकुंडात पाप धुवायला उतरणारे लोक पाहिले. कुठून कुठून आलेले, थंडीने कुडकुडत. मला चांदवड साठेक किलोमीटर. एसटीचं तिकीट काढणं जमलं नव्हतं.

शेवटी बायबलातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाने मला हलवलं. तिथे व्यवहार चोख आहे: पाप कबूल कर, घेतलेलं पुरतं परत दे, वर पाचवा हिस्सा घाल, आणि दे कोणाला, तर ज्याचा अपराध केला त्याला. वही घेऊन आठवेल तितका हिशोब केला, पाचवा हिस्सा घातला आणि गेलो. शेतकरी वारला होता. दोन वर्षं झाली होती. त्याची बायको ओट्यावर कांद्याची पात निवडत बसली होती. मी सांगितलं. तिने पाकीट घेतलं, मोजलं आणि विचारलं, ‘बारा वर्षं काय करत होतात?’ चहा विचारला नाही. क्षमा केली असंही म्हणाली नाही. परतीच्या गाडीत मला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, आजही नाही.

पुढच्याच रविवारी मी भर उपासनेत उभा राहून सगळं सांगितलं. तुझी काकू म्हणते ती गरज नव्हती, ज्यांचं नुकसान केलंत त्यांना सांगून झालं होतं. मुलीचं ठरत आलेलं लग्न त्यात मोडलं. ‘तुम्ही तुमचं ओझं माझ्या पोरीच्या डोक्यावर उतरवलंत,’ असं ती नाताळातसुद्धा म्हणते. मला ते मान्य नाही. बारा वर्षं त्याच लोकांत बसून मी ‘आम्ही’ म्हणालो होतो, म्हणून त्याच लोकांत ‘मी’ म्हणणं मला भाग होतं. दुसरा रस्ता असता तर मी तो घेतला असता. हे मी तिला शंभरदा सांगितलंय, आता तुला सांगतोय, का ते कळत नाही.

तू भर उपासनेत उभा राहू नकोस. तुझी बाब वेगळी आहे. आधी त्या मुलाच्या घरी जा. फोन नको, मेसेज नको. ‘माझ्यामुळे तुझ्यावर संशय आला’ असं म्हणू नकोस, त्यातही संशय आपोआप आलाय. म्हण, ‘पैसे मी घेतले आणि तुझं नाव आलं तेव्हा मी गप्प बसलो.’ तो दार लावेल, शिवी देईल, ते त्याच्या हातात. मग दोघं नाहीतर तू एकटा, कमिटीकडे. तेही ‘मी’ने सुरू होणारं वाक्य. पैसे परत ठेवलेत हे शेवटी सांग, आधी सांगितलंस तर ते अहरोनाचं वासरू होईल.

परीक्षा झाल्यावर जातो म्हणालास. नाही. या आठवड्यात. मला बारा वर्षांचा अनुभव आहे.

तुझ्याबरोबर त्याच्या गल्लीपर्यंत येईन, आत येणार नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला सीबीएसला रसवंतीजवळ उभा असेन. हिशोबाची वही घेऊन ये.

तुझा,
काका