चष्मेवाल्याला विचारा : फ्रेम कंपनीची, काच बाहेरची

प्रश्न : मेव्हण्याने दिलेला रे-बॅनचा एव्हिएटर गॉगल मी केळीच्या बागेत आणि मोटारसायकलवर रोज वापरतो. काचांवर इतके ओरखडे पडलेत की सकाळी उगवतीकडे तोंड करून निघालो की समोरचं काही दिसत नाही. कंपनीच्या काचा महाग आहेत. ऑनलाइन त्याच मॉडेलच्या, दुसऱ्या कंपनीच्या पोलराइज्ड काचा बऱ्याच स्वस्त मिळतात, निळ्या आरशासारख्या. गावातला दुकानदार म्हणतो, ‘चारशेत काळ्या काचा टाकून देतो.’ काय करू? – एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, फ्रेम सरळ असेल, काड्या ढिल्या नसतील, तर बाहेरच्या काचा जरूर टाका. जळगावात माझ्या दुकानी येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. एव्हिएटर हा आकार १९३७ पासून चालत आलाय. त्याच्या काचा करणारे पायलीचे पन्नास. तेव्हा मिळेल का, ही चिंता नको. बरोबर कोणती, ते बघा.

आधी काडीच्या आतल्या बाजूला बघा. तिथे बारीक अक्षरात मॉडेल लिहिलेलं असतं, बहुधा आरबी ३०२५. जवळच ५८, मग छोटा चौकोन, मग १४ असं काही दिसेल. ५८ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, १४ म्हणजे नाकावरचं अंतर. हाच गॉगल ५५ आणि ६२ मध्येही येतो. लोक नुसतं ‘एव्हिएटर’ टाकून मागवतात आणि मग काच बसत नाही म्हणून माझ्याकडे घासायला आणतात. घासून मोठी कमी करता येते, लहान मोठी कशी करणार? आणखी एक. स्वस्तातल्या काचेवर कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर ती घेऊच नका. बाहेरच्या काचा करणारा सरळ माणूस दुसऱ्याचं नाव घालत नाही.

आता चारशेच्या काळ्या काचा. काळेपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा काही संबंध नाही. साध्या प्लास्टिकला रंग चढवला की काच काळी होते. तिच्यामागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि किरण अडत नसतील तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त आत जाऊ शकतात. काचेवर यूव्ही ४०० हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. चष्म्याच्या चांगल्या दुकानात ते तपासायचं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटं लागतात. दुकानदार ‘बघायची गरज नाही’ म्हणाला तर त्याच पावली उठा. काळेपणाचे वर्गही ठरलेले आहेत. आपल्या उन्हाला वर्ग ३ पुरे, त्यातून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. वर्ग ४ गाडी चालवताना चालत नाही. आणि केळीची गाडी भरून रात्री निघालात तर कुठलाच गॉगल नको.

पोलराइज्ड काच तुम्हाला उपयोगाची आहे. ओला रस्ता, हतनूर धरणाचं पाणी, पुढच्या गाडीची काच, यांवरून येणारी तिरीप ती कापते. उघड्या स्टीलवरची चकाकी मात्र फारशी जात नाही, तेव्हा फसवलं म्हणून ओरडू नका. खरी की खोटी ते बहुतेक मोबाइलवर कळतं : गॉगल स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळी पडली पाहिजे. दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या पडतात का तेही बघा. एक आधी आणि दुसरी नंतर पडली तर फिटिंग चुकलंय. अगदी स्वस्त पोलराइज्ड काच पातळ थरांची चिकटवलेली असते. मे महिन्यात भुसावळला उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, कडेने पापुद्रे सुटतात.

निळा आरसा माझ्या मते घेऊ नका. तो वरचा पातळ मुलामा असतो आणि शेतातल्या धुळीने सगळ्यात आधी तोच जातो. रंग राखाडीच घ्या. तपकिरी काचेत ऊन सुखद वाटतं, पण पानांचा रंग बदलतो. केळीवरच्या करपा रोगाचे पहिले पिवळे ठिपके बघायचे असतील तर तपकिरी काच तुम्हाला चकवेल.

काच हातात आली की बसवण्याआधी हात लांब करून तिच्यातून दाराची चौकट बघा आणि काच हळू डावी-उजवी हलवा. चौकट सरळच राहिली पाहिजे. लाट आल्यासारखी वाकली की परत करा, डोकं त्यानेच दुखतं.

तुमची मूळ काच बहुधा अस्सल काचेची असेल. मोटारसायकलवर मी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची काच सुचवतो, ती सहसा फुटत नाही. पण ओरखडे लवकर पडतात, म्हणून उपरण्याने कोरडी पुसायची सवय सोडा : आधी पाण्याची धार, मग मऊ कापड. केळीचा चीक उडाला तर वाळू देऊ नका. आणि डाग काढायला पेट्रोलचा बोळा अजिबात नको, पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं. बसवायचं काम दुकानातच करा; काडीजवळचा स्क्रू इतका बारीक आहे की ओट्यावर पडला तर झाडूनेही सापडत नाही.

प्रश्न : मला दूरचा नंबर आहे. मुलाच्या जुन्या, डोळ्यांना वळसा घालणाऱ्या गॉगलमध्ये उन्हात काळ्या होणाऱ्या नंबरच्या काचा बसतील का? – एक शिक्षिका, शिरपूर

उत्तर : ताई, नको. वळसा असलेल्या फ्रेमला खूप फुगीर काच लागते. तिच्यात साधा नंबर घातला की कडेने सगळं तिरपं दिसतं. त्यासाठी वेगळ्या करून घ्याव्या लागतात आणि त्या महाग. चपट्या फ्रेमचा गॉगल आणा, त्यात आरामात बसतील. उन्हात काळ्या होणाऱ्या काचेबद्दल मात्र विचार करा : उष्णतेत ती कमी काळी होते. डिसेंबरात छान, आणि ऐन मे महिन्यात फिकी. शिवाय गाडीत बसल्यावर पुढची काच अतिनील किरण अडवते, म्हणून तिथेही ती जवळजवळ पांढरीच राहते. कायम राखाडी रंगाच्या नंबरच्या काचा घ्या, आणि वर्गातला साधा चष्मा वेगळा ठेवा.