सगळं कायद्यानेच झालं होतं, मग गुन्हा कसला?

प्रश्न: ताई, नाझी जर्मनीत ज्यूंचं जे झालं त्याबद्दल वाचत होते. बरंचसं म्हणे तिथल्या कायद्याप्रमाणेच चाललं होतं. मग त्याला हक्कांचं उल्लंघन कसं म्हणायचं? आणि पुढचं दिसत होतं तर लोक वेळीच निघून का नाही गेले?

उत्तर: दुसरं आधी घेते, कारण हा प्रश्न मला नेहमीच खटकतो, नकळत दोष त्यांच्याच माथी जातो. अगं, गेले की लोक! १९३३ मध्ये जर्मनीत पाच लाखांच्या वर ज्यू होते, युद्ध सुरू होईपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे बाहेर पडले होते. पण जाताना पैसेवाल्यांची चौथाई मालमत्ता करात जायची, उरलेलं बाहेर नेता येत नव्हतं, आणि कंगाल माणसाला व्हिसा देतंय कोण? जुलै १९३८ ला फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देश याच विषयावर बसले, सहानुभूतीची भाषणं झाली आणि बहुतेकांनी हात वर केले. ऑक्टोबर १९४१ मध्ये तर बाहेर जायलाच बंदी आली. आणि मारले गेलेले सुमारे ६० लाख, त्यातले बहुतेक जर्मन नव्हतेच, एकट्या पोलंडमधलेच ३० लाखांच्या आसपास. त्यांच्या तर दारातच सैन्य येऊन उभं राहिलं.

आता कायद्याचं. खरंय, कागद सगळे व्यवस्थित होते, आणि मला तर तेच जास्त भयंकर वाटतं. एप्रिल १९३३ मध्ये सरकारी नोकऱ्या गेल्या, सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायदे आले, मग ज्यू म्हणजे देशाचा पूर्ण नागरिक नाही, ज्यूने जर्मन माणसाशी लग्न करायचं नाही. ज्यू कोण हे तुमच्या श्रद्धेवरून नाही, आजी-आजोबांवरून ठरायचं, चारातले तीन ज्यू असले की झालं, मग तुम्ही स्वतः चर्चला जात असलात तरी. १९३८ मध्ये पासपोर्टवर लाल 'जे'चा ('जूड', म्हणजे जर्मनमध्ये ज्यू) शिक्का आला, आणि ज्यांचं नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांत बसत नव्हतं अशा प्रत्येक बाईला 'सारा', पुरुषाला 'इस्रायल' हे जादाचं नाव सक्तीने लावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, दुकानं फोडली, आणि दंड कुणाला? ज्यूंनाच, एक अब्ज मार्क! वर विम्याचे पैसे सरकारने खिशात घातले.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती २५ नोव्हेंबर १९४१ च्या हुकमाची. तो म्हणतो, जो ज्यू परदेशात राहायला गेला त्याचं नागरिकत्व रद्द आणि मालमत्ता सरकारजमा. वाचायला साधं कलम वाटतं. पण तेव्हा सरकार स्वतःच लोकांना गाडीत कोंबून पूर्वेला पाठवत होतं. म्हणजे गाडीने हद्द ओलांडली की माणूस 'परदेशात राहायला गेला', घर, भांडीकुंडी, बँकेतलं सगळं सरकारचं. वर रेल्वे या गाड्यांचं माणशी भाडंही लावायची, लहान मुलांना अर्धं.

तर हे कायदेशीर होतं का? त्यांच्या कागदावर होतं. (खून मात्र त्यांच्याही कायद्याच्या पुस्तकात गुन्हाच होता, ते कलम कुणी काढलं नव्हतं.) पण कायदा काढूनच माणसाचे हक्क हिरावले तर उल्लंघन नाही कसं? म्हणून तर युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यासाठी ऑगस्ट १९४५ मध्ये जी सनद झाली तिच्यात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल स्पष्ट लिहिलं, की त्या देशाच्या कायद्यात ते बसत असो वा नसो, गुन्हा तो गुन्हाच. डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात नागरिकत्वाचा हक्क वेगळं कलम करून घातलाय. आणि त्या १९४१ च्या हुकमाचं म्हणशील तर १९६८ मध्ये जर्मनीच्याच घटना न्यायालयाने तो इतका अन्यायी ठरवला, की तो पहिल्या दिवसापासूनच कायदा नव्हता म्हणाले. ज्यांचं नागरिकत्व असं गेलं त्यांच्या वंशजांना आजही तिथे अर्ज करून ते परत घेता येतं.