सैन्यासाठी एआय करायचंय, पण शाखा कोणती?

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, वडील एएससीतून (लष्कराच्या रसद-वाहतूक दलातून) निवृत्त झालेले सुभेदार. मुलाला लष्करी मोहिमांचं नियोजन करणारा एआय बनवायचाय आणि त्यासाठी एआय नावाचीच शाखा हवी, फी कितीही असो. ताईंना आणखी एक काळजी आहे: हे काम म्हणजे माणसं मारायचं यंत्र तर नाही ना?

ताई, या कामाचा मोठा भाग तुमच्या यजमानांच्या ओळखीचा आहे. झोजी ला ही खिंड बर्फाने बंद होण्याआधी लडाखच्या चौक्यांवर रेशन, रॉकेल, दारूगोळा पोचवायचा. गाड्या मोजक्या, रस्तेही मोजके. मध्येच पूल बंद पडला, की सगळं वेळापत्रक नव्याने मांडायचं. अमेरिकेने 1991 च्या आखाती युद्धात ‘डार्ट’ नावाची प्रणाली वापरली ती याच कामासाठी. एका वेळी 50,000 पर्यंत वाहनं, माल आणि माणसं यांच्या हालचालींचा आराखडा ती काही तासांत करायची. जुन्या पद्धतीने त्याला आठवडे लागत.

पण तुमची शंका खोटी नाही. ड्रोनच्या चित्रणातून वस्तू ओळखणाऱ्या अमेरिकेच्या ‘प्रोजेक्ट मेवन’मधल्या सहभागाला गूगलच्याच कर्मचाऱ्यांनी 2018 मध्ये विरोध केला आणि कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवलं नाही. आपण काय बनवणार आणि कशाला नाही म्हणणार, हे मुलाने नोकरीआधीच ठरवावं. त्यावर घरात मोकळेपणी बोला.

शाखेबद्दल माझं मत ठाम आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्या, चांगल्या सरकारी कॉलेजात मिळत असेल तर डोळे झाकून. या साधनांचा पाया म्हणजे अल्गोरिदम, संभाव्यता आणि ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे मोजक्या साधनांत काम कसं बसवायचं याचं गणित. शाखेच्या नावासाठी कर्ज काढू नका. पुढे एम.टेक.साठी पुण्यात गिरीनगरला डायट ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची एआयवर काम करणारी ‘केअर’ प्रयोगशाळा बेंगळुरूत आहे.

परीक्षा संपली की त्याला वडिलांसोबत बसवा. दहा ट्रक, तीन चौक्या, एक बंद पूल, एवढं गणित पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत सोडवू दे. आणि प्रवेशाआधी डीआरडीओच्या ‘सायंटिस्ट बी’ या शास्त्रज्ञपदाच्या भरतीची मागची जाहिरात दोघांनी वाचा. कोणत्या शाखा आणि गेट या इंजिनिअरिंगनंतरच्या परीक्षेचे कोणते पेपर चालतात, ते त्यात स्पष्ट दिलेलं असतं.