बनारस हिंदू विद्यापीठाचे आजवरचे कुलगुरू कोण कोण होते, आणि त्यांत सर्वांत मोठं काम कुणाचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘पहिले कुलगुरू पंडित मदनमोहन मालवीयच होते ना?’ नाही. ते तिसरे. आधी हा गैरसमज दूर करतो, कारण बाकीची गोष्ट तिथूनच नीट उलगडते.

मी २०११ ते २०१३ या काळात बनारस हिंदू विद्यापीठात, म्हणजे बीएचयूत, एमएला होतो. गेल्या गेल्या आजारी पडलो, तर हॉस्टेलच्या मुलांनी उचलून ‘सर सुंदरलाल’मध्ये नेलं. म्हणजे विद्यापीठाच्याच रुग्णालयात. मला वाटलं, सुंदरलाल म्हणजे कुणीतरी दानशूर शेठजी असणार. रांगेत बसलेल्या एका मुलाने सांगितलं, ‘अरे, पहिले कुलपति थे.’ मी आणखीच गोंधळलो. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल. हिंदीत मात्र आपल्या कुलगुरूंना ‘कुलपति’ म्हणतात आणि आपल्या कुलपतींना ‘कुलाधिपति’. मराठीत बीएचयूबद्दल वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण हिंदीतून उतरवून घेताना बरेच जण कुलपती तसंच ठेवतात आणि मग कुणी काश्मीरचे करणसिंह कुलगुरू होते असं लिहून मोकळं होतं. करणसिंह कुलपती होते, आपल्या अर्थाने. त्यांच्यानंतर २०१८ मध्ये ते पद मालवीयजींचे नातू, न्यायमूर्ती गिरिधर मालवीय यांच्याकडे गेलं. पण ते मानाचं पद. कारभार कुलगुरूंचा, आणि तुमचा प्रश्नही त्यांच्याबद्दलच आहे.

तर सर सुंदरलाल हे अलाहाबादचे नावाजलेले वकील. त्याआधी अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. १९१६ च्या वसंत पंचमीला, ४ फेब्रुवारीला, लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा विद्यापीठ म्हणजे मुख्यतः अ‍ॅनी बेझंट यांनी १८९८ मध्ये काढलेलं सेंट्रल हिंदू कॉलेज आणि गंगेकाठची जमीन. अशा वेळी सरकारदरबारी वजन असलेला, कायदा कोळून प्यायलेला माणूस वर असणं सोयीचं होतं. सुंदरलाल १९१८ मध्ये वारले. मग मद्रासचे कायदेपंडित पी. एस. शिवस्वामी अय्यर आले आणि लवकरच परतलेही. १९१९ मध्ये मालवीयजींनी स्वतः सूत्रं हाती घेतली आणि जवळपास दोन दशकं सोडली नाहीत. इतकी वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कुणी टिकलं नाही.

मालवीयजींवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यामुळे लांबण लावत नाही. निजामाने देणगीऐवजी दिलेल्या जोड्याचा लिलाव करून पैसे उभे केल्याची जी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तिच्यावर मात्र माझा विश्वास नाही. फार गोळीबंद आहे ती. खरी गोष्ट इतकी चटकदार नसली तरी मोठी आहे: संस्थानिकांपासून सामान्य माणसांपर्यंत सगळ्यांपुढे झोळी पसरून त्यांनी सुमारे तेराशे एकरांचा परिसर उभा केला, आणि हे करताना काँग्रेसचं राजकारणही चालूच होतं. आपल्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या देणगीतून उभं राहिलेलं मध्यवर्ती ग्रंथालय आजही त्यांच्याच नावाने आहे. परीक्षेच्या दिवसांत तिथे जागा धरायला आम्ही पहाटे जायचो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सर्वांत मोठं काम कुणाचं? मालवीयजी संस्थापकच, त्यांना या स्पर्धेत धरणं बरोबर नाही. त्यांना वगळलं तर माझं उत्तर सर्वपल्ली राधाकृष्णन. लोक त्यांना राष्ट्रपती आणि शिक्षक दिन म्हणून ओळखतात, पण १९३९ ते १९४८ ही बनारसची नऊ वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. संस्थापकाच्या जागी बसायचं, तेही संस्थापक हयात असताना आणि त्याच आवारात राहत असताना! मालवीयजी १९४६ पर्यंत होते. त्यांनीच राधाकृष्णन यांना आग्रहाने बोलावून घेतलं. सुरुवातीला राधाकृष्णन कलकत्त्याची प्राध्यापकी सांभाळून शनिवार-रविवारी बनारसला यायचे. पुढे सयाजीरावांच्याच नावाच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली आणि १९४१ मध्ये त्यांनी कलकत्ता सोडलं.

मग आलं १९४२. जानेवारीत विद्यापीठाचा रौप्यमहोत्सव झाला. गांधीजी आले आणि सगळे वक्ते इंग्रजीत बोलले म्हणून भर समारंभात त्यांनी नाराजी बोलून दाखवली. यजमान होते राधाकृष्णन, ज्यांचं इंग्रजी ऐकायला ऑक्सफर्डचे लोक यायचे. काही महिन्यांनी ‘चले जाव’ पेटलं. बीएचयूची मुलं त्यात पुढे होती. लष्कर आवारात शिरलं आणि प्रांताचे गव्हर्नर मॉरिस हॅलेट सगळ्या विद्यापीठाचंच युद्धकाळातलं इस्पितळ करायच्या गोष्टी बोलू लागले. राधाकृष्णन दिल्लीला गेले, व्हाइसरॉयना भेटून ते थांबवलं आणि विद्यापीठ पुन्हा सुरू करून घेतलं. पैशाची चणचण होती, मुलं तुरुंगात होती, सरकार डूख धरून होतं. अशा काळात दर रविवारी हा माणूस गीतेवर व्याख्यान द्यायचा. मालवीयजींनी विद्यापीठ बांधलं हे खरं, पण १९४२ मध्ये ते हातचं जाता जाता राहिलं ते यांच्यामुळे.

त्यांच्यानंतरची आठ वर्षं विद्यापीठाला घरघर लागल्यासारखी गेली. अमरनाथ झा काही महिने, मग मालवीयजींचे चिरंजीव गोविंद मालवीय, १९५१ ला आचार्य नरेंद्र देव. समाजवादी चळवळीतला इतका सात्त्विक आणि विद्वान माणूस, पण दमा पिच्छा सोडेना. १९५४ मध्ये आले सर सी. पी. रामस्वामी अय्यर, त्रावणकोरचे माजी दिवाण. समाजवाद्याच्या खुर्चीवर दिवाणसाहेब! दोन वर्षांत तेही गेले आणि व्ही. एस. झा आले. गटबाजी इतकी वाढली की १९५७ मध्ये केंद्राने मुदलियार समिती नेमली आणि १९५८ मध्ये कायदा बदलून कारभाराची घडीच बदलली. माझ्या मते या यादीतलं खरं वळण इथे आहे. आधी ‘कोर्ट’ नावाची विद्यापीठाची मोठी सभा कुलगुरू निवडायची, म्हणजे ज्याला तिथल्या लोकांचा पाठिंबा तो. हळूहळू ती सत्ता दिल्लीकडे सरकली. आज राष्ट्रपती ‘व्हिजिटर’ या नात्याने नेमणूक करतात आणि मुदत तीन वर्षांची. तीन वर्षांत माणूस आवारातले रस्ते ओळखू लागतो न लागतो तोच निरोपसमारंभ.

पुढचा भाग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, म्हणून जरा रेंगाळतो. १९६० मध्ये कुलगुरू झाले न्यायमूर्ती नटवरलाल भगवती. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात होते, मग सर्वोच्च न्यायालयात. (पुढे सरन्यायाधीश झालेले पी. एन. भगवती हे त्यांचे चिरंजीव.) त्यांच्या कारकिर्दीत, १९६५ मध्ये, विद्यापीठाच्या नावातला ‘हिंदू’ शब्द काढण्याचा प्रस्ताव संसदेत आला. शिक्षणमंत्री कोण? मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. एकेकाळी एकाच न्यायालयात बसलेले दोघे, एक दिल्लीत प्रस्ताव मांडतोय आणि दुसरा बनारसमध्ये पेटलेली मुलं आवरतोय. आंदोलन एवढं उसळलं की प्रस्ताव बारगळला. नाव आजही तेच आहे. नंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा अशांतता माजली, तेव्हा चौकशी समितीवर कोण आलं? माजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, पुन्हा आपल्याकडचेच, तेव्हा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू.

भगवतींनंतर जादवपूर विद्यापीठाचे त्रिगुण सेन आले आणि वर्षभरातच, १९६७ मध्ये, केंद्रात शिक्षणमंत्री होऊन गेले. मग वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. जोशी. १९६९ मध्ये आलेल्या कालूलाल श्रीमालींचा प्रवास सेन यांच्या नेमका उलट: आधी केंद्रात शिक्षणमंत्री, मग कुलगुरू. ते १९७७ पर्यंत टिकले, म्हणजे आणीबाणीचा काळही त्यांच्याच वाट्याला.

त्यापुढची नावं भराभर देतो: मोतीलाल धर, हरि नारायण, इक्बाल नारायण, आर. पी. रस्तोगी, सी. एस. झा, डी. एन. मिश्रा, हरि गौतम, वाय. सी. सिम्हाद्री, पी. रामचंद्र राव, पंजाब सिंह, डी. पी. सिंह. यांत शास्त्रज्ञ बरेच, राजकारणी नाहीत. हरि गौतम आणि डी. पी. सिंह दोघेही पुढे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अध्यक्ष झाले. या सगळ्यांना एका ओळीत कोंबणं थोडं अन्यायाचं आहे, पण माझ्याकडे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

२०११ मध्ये आले लालजी सिंह, म्हणजे माझ्या वेळचे ‘वीसी साहब’. भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याचं तंत्र, रुजवणारे शास्त्रज्ञ. जौनपूरच्या खेड्यातला मुलगा, शिक्षण बीएचयूतच, पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे संचालक. पगार म्हणून महिन्याला एक रुपया घ्यायचे. २०१२ मध्ये तिथलं इंजिनिअरिंगचं महाविद्यालय आयआयटी झालं आणि हॉस्टेलांत रात्रभर गोंगाट झाला, आम्हा एमएवाल्यांचा त्यात काडीचा संबंध नसताना. डिसेंबर २०१७ मध्ये बनारसच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि बीएचयूच्याच रुग्णालयात ते गेले.

त्यांच्यानंतर गिरीशचंद्र त्रिपाठी. सप्टेंबर २०१७ मध्ये एका विद्यार्थिनीच्या विनयभंगानंतर मुली सिंहद्वारावर, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वारावर, धरणं धरून बसल्या, रात्री लाठीमार झाला, देशभर गाजलं, आणि मुदत संपायच्या आधीच कुलगुरू रजेवर गेले. पुढे राकेश भटनागर, मग आयआयटी गांधीनगर उभारणारे भूकंप-अभियंते सुधीर जैन. जैन यांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि त्यानंतर बरेच महिने पूर्णवेळ कुलगुरूच नव्हते. त्या वर्षीच आयआयटी रुरकीचे माजी संचालक अजितकुमार चतुर्वेदी आले.

अ‍ॅनी बेझंट यांच्या कॉलेजातून निघालेल्या या विद्यापीठात पूर्णवेळ कुलगुरू म्हणून आजवर एकही स्त्री आलेली नाही. २०१७ साली सिंहद्वारावर बसलेल्या मुलींपैकी एक माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण. ती आता एका कॉलेजात शिकवते. ही यादी तिला वाचून दाखवली, तर तिने एवढंच विचारलं, ‘बस, हो गया?’