स्वीडिश बोलताना जीभ आणि जबडा कसा ठेवावा? ‘सात’ या अर्थाचा शब्द मला काही केल्या जमत नाही.

‘सात’च्या त्या शब्दापाशी सगळेच अडखळतात. जिभेचा मागचा भाग वर उचलून, ओठ गोल करून ‘ख’ आणि ‘श’ यांच्या मधली फुंकर सोडावी. स्वीडनमध्येच तो ध्वनी प्रांतागणिक बदलतो, त्यामुळे त्यापायी घसा कोरडा करू नये. आपल्या घरात जे आहे ते आधी वापरावे.

स्टॉकहोमच्या वर्गात ‘मूल’ या अर्थाचा ‘बार्न’ हा शब्द मी ‘र’ आणि ‘न’ सुटे करून इमानेइतबारे म्हणत होते. बाईंनी मला थांबवले, तळहात जिभेसारखा उताणा धरून बोटांची टोके किंचित वर वळवली आणि ‘र’ न म्हणता जीभ तिथे नेऊन ‘न’ म्हणायला सांगितले. माझ्या तोंडून ‘बाण’ बाहेर पडला! मी अमरावतीची. कॉलेजसाठी पुण्याला मामीकडे राहत असताना, मी ‘पानी’ म्हटले की पाहुण्यांसमोर माझ्याकडून ‘पाणी’ वदवून घेतले जाई, तोच हा ‘ण’.

स्वीडिशमध्ये ‘र’पुढे त, द, न, ल किंवा स आला की दोहोंचा मिळून एकच मूर्धन्य, म्हणजे जिभेचे टोक मागे वळवून काढलेला, ध्वनी होतो, अगदी दोन शब्दांच्या सांध्यावरसुद्धा, ‘हार दू’चे ‘हाडू’ होते. दक्षिणेकडच्या स्कोनेमध्ये मात्र ‘र’ घशातून काढतात, म्हणून तिथे हे मूर्धन्य होतच नाहीत. त्या बोलीची थट्टा होते, पण तिथल्या माल्मो शहरातल्या माणसाला पाहुण्यांसमोर उभे करून कोणी शब्द घोकायला लावत नाही. वऱ्हाडातला ‘न’ही तसाच एका प्रदेशाचा उच्चार आहे, हे मामीने वाचले तर बरे होईल.

जबड्याची काळजी सोडा. दातांत पेन्सिल आडवी धरून ‘ई’ म्हणा. जबडा अडला तरी जीभ जास्त उचलली जाते आणि ‘ई’ बहुतांशी ‘ई’च राहते. ध्वनिशास्त्रज्ञ ब्योर्न लिंडब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दातांमध्ये ठोकळा धरलेल्या माणसांना पहिल्याच प्रयत्नात जवळजवळ नेहमीसारखे स्वर काढता आले होते. आता पेन्सिल काढा, जीभ ‘ई’च्याच जागी ठेवा आणि ओठ पुढे काढा, म्हणजे वाय या अक्षराचा दीर्घ स्वर मिळेल.

आपला ‘ण’ त्यांच्यापेक्षा अधिक मागे वळतो, हे सांगायचे राहिले. जिभेचे टोक वरच्या हिरडीच्या जरासेच मागे टेकवा, नाहीतर त्या ‘बार्न’चा थेट धनुष्यावरचा बाण होतो.